यती आणि विराम : पोथी वाचताना थांबावे कोठे?

(श्रीरामपूर तालुक्यातील मंदिर-जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम डोळ्यांपुढे येते ते खचलेले जोते, गळणारा सभामंडप आणि भेगा पडलेले शिखर. गावाने वर्गणी काढावी, गवंडी-सुतार आणावेत, कोणी वाळूची खेप द्यावी, कोणी आठ दिवस अंगमेहनत करावी आणि एके दिवशी कळस चढावा, असा हा क्रम असतो. त्याचे मोल मोठे आहे. परंतु मंदिरात एक वस्तू अशी असते की ती गवंड्याच्या हातून दुरुस्त होत नाही. ती म्हणजे सभामंडपात बसून होणारे वाचन. नवा मंडप उभा राहिला, फरशी बसली, दिव्यांची सोय झाली, तरी त्या मंडपात पोथी नीट वाचली गेली नाही, तर जीर्णोद्धार अर्धाच झाला असे म्हणावे लागेल. म्हणून या व्याख्यानाचा विषय एक लहानशी दिसणारी गोष्ट आहे. ती गोष्ट म्हणजे वाचताना थांबणे.

श्रीरामपूरच्या परिसराला हा विषय परका नाही. पूर्वेकडे प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दक्षिणेकडे राहुरी तालुक्यात ताहराबाद आहे. तेथे महिपती (१७१५-१७९०) होऊन गेले. त्यांनी १७६२ साली सत्तावन्न अध्यायांचा ‘भक्तविजय’ पुरा केला, आणि संतांची चरित्रे खेडोपाडीच्या घरांत पोचवली. उत्तरेकडे गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तेथील गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा अखंड हरिनाम सप्ताह दर वर्षी नव्या ठिकाणी भरतो आणि गावेच्या गावे त्यात लोटतात. तात्पर्य, ओवी आणि अभंग ही या भागात कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. ती रोजच्या तोंडातली आहे. जी वस्तू रोजच्या तोंडातली असते, तिच्या उच्चाराची हेळसांडही रोजचीच होऊन बसते.

सप्ताहातील सकाळ आठवावी. काकडा झालेला आहे, व्यासपीठावर चालक बसले आहेत आणि समोर ओळीने वाचक आपापली पोथी उघडून बसले आहेत. ध्वनिक्षेपकासमोर एक तरुण आहे. त्याचे अक्षरज्ञान चांगले, आवाज खणखणीत. परंतु ठरल्या वेळेत ठरले अध्याय संपवायचे असल्याने तो धावत वाचतो, आणि थांबतो कोठे, तर जेथे दम संपतो किंवा जेथे छापील ओळ संपते तेथे. खांबाला टेकून एक वृद्ध माउली बसलेली असते. तिला अक्षर येत नाही. पण चुकीच्या जागी थांबणे आले की तिची मान हलायची थांबते. काय चुकले ते तिला सांगता येणार नाही. चुकले एवढे मात्र तिच्या कानाला कळते. तिला कानाने कळणारी ही गोष्ट आता शब्दांनी समजून घ्यायची आहे, कारण नुसत्या कानावर चालत आलेले ज्ञान कान ज्याचे त्याचे गेले की संपते.

वाचताना माणूस दोन कारणांनी थांबतो. पहिले कारण अर्थाचे. एक कल्पना पुरी झाली, दुसरी सुरू व्हायची आहे, म्हणून थांबायचे. याला विराम म्हणावे. तो बोलण्यातही असतो, लिहिण्यातही असतो. प्रवरेच्या पाटावर शेती असलेल्यांना एक वाक्य चटकन कळेल : ‘पाटाला पाणी आले नाही म्हणून निरोप आला.’ सबंध वाक्य एका दमात म्हटले, तर पाणी न आल्याचा निरोप आला असा अर्थ होतो. ‘पाटाला पाणी आले’ एवढे म्हणून थांबले आणि मग ‘नाही म्हणून निरोप आला’ म्हटले, तर पाणी आलेले आहे, आणि दुसऱ्याच कशाला तरी नकार आलेला आहे. शब्द तेच, अक्षरे तीच. पण एका थांबण्याने एक शेतकरी बारे धरायला निघतो आणि दुसरा घरी बसतो. विरामाचे बळ एवढे असते.

दुसरे कारण छंदाचे. पद्याच्या ओळीत ठराविक अक्षरांनंतर कानाला एक तोड हवी असते. ती अर्थ पुरा झाला म्हणून येत नाही. ती मोजणीने येते. हिला यती म्हणतात. यती म्हणजे संन्यासी हा अर्थ निराळा; तो येथे आणू नये. पिंगलाच्या छंदःसूत्रात यतीला विच्छेद म्हटले आहे, म्हणजे तुटणे. अकरा अक्षरांच्या इंद्रवज्रेसारख्या आखूड ओळीला या तोडीची निकड भासत नाही. पण ओळ पंधरा, सतरा, एकोणीस अक्षरांची झाली की कानाला तिचा सबंध घास घेता येत नाही. तिचे दोन-तीन तुकडे पडावे लागतात आणि ते प्रत्येक ओळीत त्याच जागी पडावे लागतात.

या जागा ध्यानात राहाव्यात म्हणून जुन्या शास्त्रकारांनी मोठी गमतीची युक्ती केली. आकडे सांगण्याऐवजी त्यांनी वस्तूंची नावे सांगितली. शार्दूलविक्रीडित वृत्तात बारा अक्षरांवर आणि पुढे सात अक्षरांवर यती असते. त्यासाठी सूर्य आणि अश्व हे शब्द योजले. आदित्य बारा, आणि सूर्याच्या रथाचे घोडे सात. शिखरिणीत सहा आणि अकरा. त्यासाठी रस आणि रुद्र, कारण रस सहा आणि रुद्र अकरा. पोथीपुराणे ऐकलेल्या माणसाला हे आकडे विसरणे कठीण. ‘मेघदूत’ ज्या मंदाक्रांतेत आहे, तिचे चार, सहा आणि सात असे तीन तुकडे पडतात. प्राचीन काळी यती मानणारे आणि न मानणारे असे आचार्यांचे दोन पक्ष होते, असे जयकीर्तीने नोंदवले आहे. म्हणजे हा वाद आजचा नाही.

आता या दोघांची गाठ कोठे पडते ते पाहावे. लग्नात मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात म्हणतात, त्यामुळे या वृत्ताची चाल लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच चालीवर, केवळ उदाहरणासाठी रचलेली ही ओळ म्हणून पाहावी :

आली ही शुभवेळ आज सगळी नाती मिळाली इथे

अक्षरे एकोणीस. यती बाराव्या अक्षरावर, म्हणजे ‘सगळी’ या शब्दानंतर. पण अर्थ काय सांगतो? ‘आली ही शुभवेळ’ येथे एक वाक्य पुरे झाले. विराम तेथे, सातव्या अक्षरावर. ‘आज सगळी नाती मिळाली इथे’ हे दुसरे वाक्य. म्हणजे विराम एका ठिकाणी आणि यती दुसऱ्या ठिकाणी. आता समजा म्हणणाऱ्याने यतीच्या जागी आवाज पार खाली सोडला आणि पूर्ण थांबला. ऐकणाऱ्याला काय वाटेल? ‘आली ही शुभवेळ आज सगळी’, म्हणजे सगळी वेळ आज आली! ‘सगळी’ हा शब्द नात्यांचा होता, तो वेळेला जाऊन चिकटला आणि नाती पोरकी झाली. उलट समजा त्याने यती मानलीच नाही, नुसत्या विरामावर लांब थांबला आणि पुढची बारा अक्षरे एका दमात म्हटली. अर्थ सुटला, पण चाल मोडली. मंगलाष्टक राहिले नाही, निमंत्रणपत्रिका वाचल्यासारखे झाले. जाणता म्हणणारा दोन्ही साधतो. ‘शुभवेळ’ पाशी तो आवाज किंचित उतरवतो, पण चाल थांबवत नाही. ‘सगळी’ पाशी तो ‘ळी’ वरचा स्वर लांबवतो, श्वास घेतो, पण आवाज उतरू देत नाही. तो वरच धरून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला कळते की अजून काही यायचे आहे.

या विषयाचे सार एवढेच आहे. विराम स्वर उतरवून दाखवायचा आणि यती स्वर धरून दाखवायची. ज्याला हा भेद हाताला लागला, त्याला पुढचे सगळे आपोआप येते.

आता कवीच्या चुकीचा एक प्रकार पाहावा. मालिनी वृत्तात पंधरा अक्षरे आणि आठव्या अक्षरावर यती. उदाहरणासाठी रचलेल्या या दोन ओळी :

झुळझुळ जळ वाहे मंदिराच्या तळाशी

नमन करिति देवांच्या पदी भक्त सारे

दोन्हींचे गण तपासले तर बिनचूक उतरतात. पण पहिली ओळ म्हणताना ‘वाहे’ वर यती येते आणि शब्द सुखरूप राहतो. दुसरीत आठवे अक्षर ‘वां’ आहे. चालीवर म्हटले की ‘नमन करिति देवां’ असे म्हणून थांबावे लागते, आणि पुढे ‘च्या पदी भक्त सारे’ असे तुटके शेपूट उरते. शब्दापासून विभक्तीचा प्रत्यय तुटला. याला यतिभंग म्हणतात, आणि हा दोष मानला आहे. सामासिक शब्दात दोन पदांच्या सांध्यावर यती आली तर शास्त्र सवलत देते, कारण तेथे मुळातच सांधा असतो. पण नाव आणि प्रत्यय यांच्यामध्ये सुरी चालवू नये. यातून वाचकानेही धडा घ्यावा. कवीने न केलेला यतिभंग वाचक आपल्या पदरचा करतो, तेव्हा दोष पोथीच्या माथी जातो.

येथवर संस्कृत वळणाच्या गणवृत्तांचे झाले. पण सप्ताहात वाचायची असते ओवी आणि म्हणायचा असतो अभंग. त्यांची रीत निराळी आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध केला आणि १९३७ साली तो वाढवून पुन्हा काढला. त्यात त्यांनी मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाती असे तीन वर्ग पाडले. वृत्तात लघुगुरूचा क्रम ठरलेला, जातीत मात्रा ठरलेल्या, आणि छंदात अक्षरांचा हिशेब. ओवी-अभंग छंदाच्या घरचे. तेथे ह्रस्व-दीर्घाची काटेकोर तपासणी नाही. म्हणूनच तेथे तोडीला जास्त मान आहे, कारण छंद सांभाळण्याचे काम पुष्कळसे तीच करते.

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांचे चरण असतात. उदाहरणार्थ :

गावाच्या वेशीत। थांबली पालखी।
जागली ओळखी। घरोघर॥

येथे ‘गावाच्या वेशीत थांबली पालखी’ हे अर्थाने एकच वाक्य आहे, तरी सहा अक्षरांनंतर तोड आहेच. संध्याकाळी हरिपाठाला टाळकरी उभे राहतात आणि पावली टाकतात, तेव्हा ही तोड पायालाही कळते. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांना ती हाताला कळत असे; खुंटा एक फेरा पुरा करून आला की ओवीचा तुकडा पुरा होई. हाताला आणि पायाला कळणाऱ्या या तोडीला पुस्तकाची गरज लागली नाही.

ज्ञानेश्वरीची ओवी याहून मोकळी. साडेतीन चरण, पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, आणि चौथा चरण आखूड. अक्षरांची संख्या ठरलेली नाही. मग तोड ओळखायची कशी? यमकावरून. यमक हीच तेथली घंटा. यमक लागले की चरण संपला, स्वर धरावा. आखूड चरण आला की ओवी संपली. पण ओवी संपली म्हणजे अर्थ संपला काय? येथेच सप्ताहातील बहुतेक चुका होतात.

कारण असे की, ज्ञानदेव दृष्टांत देतात ते एकावर एक. एका ओवीत ‘जैसे’ म्हणून आरंभ करावा, पुढच्या ओवीत दुसरा दृष्टांत, त्यापुढे तिसरा, आणि ‘तैसे’ म्हणून मुख्य गोष्ट सांगायची ती तीन-चार ओव्यांनंतर, अशी त्यांची शैली अनेक ठिकाणी आहे. जो वाचक प्रत्येक ओवीच्या अंकाशी पूर्ण थांबतो आणि आवाज खाली टाकतो, तो ‘जैसे’ अधांतरी सोडून देतो. ऐकणाऱ्याला दृष्टांत ऐकू येतात, पण ते कशासाठी दिले ते कळत नाही. मग लोक म्हणतात, ज्ञानेश्वरी अवघड आहे. ती काही ठिकाणी अवघड आहे हे खरे. पण काही ठिकाणी ती केवळ चुकीच्या जागी थांबण्याने अवघड झाली आहे.

असे का व्हावे? याला एक ऐतिहासिक कारण आहे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत शब्द सुटे लिहीत नसत. सबंध ओळ एकसंध असे. ‘रामालाकडेने’ असे लिहिलेले असले, तर ते ‘रामा, लाकडे ने’ असेही वाचता येईल आणि ‘रामाला कडेने’ असेही. एकात सरपण न्यायचे आहे, दुसऱ्यात माणसाला बाजूने न्यायचे आहे. म्हणून पोथी वाचणारा आधी गुरूजवळ बसून पदच्छेद शिकत असे, अन्वय लावत असे आणि मगच लोकांपुढे बसत असे. पोथीत खुणा दोनच : एक उभा दंड आणि दोन उभे दंड. हे दंड छंदाचे होते. चरण कोठे संपला, ओवी कोठे संपली, एवढेच ते सांगत. अर्थ कोठे संपला हे वाचकाने आपल्या ज्ञानाने ओळखायचे.

पुढे छापखाने आले. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने मराठी गद्यात इंग्रजी वळणाची विरामचिन्हे रुळली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही चिन्हे अर्थाची आहेत. ती छंदाला विचारत नाहीत. शाळेत शिकलेल्या पिढ्यांना हीच चिन्हे ठाऊक झाली. तीच मुले पुढे पोथीसमोर बसली, तेव्हा त्यांनी दंडाला पूर्णविराम समजून वाचायला सुरुवात केली. छंदाची खूण अर्थाची खूण म्हणून वाचली गेली. यात त्या मुलांचा दोष नाही. त्यांना दोन्ही खुणांमधला फरक कोणी सांगितला नाही, एवढेच.

येथे कोणी विचारील, मग यती हवीच कशाला? अर्थाप्रमाणे थांबावे आणि मोकळे व्हावे. एकट्याने घरी वाचताना तसे चालेलही. पण मंदिरात वाचन एकट्याचे नसते. शंभर माणसे एका आवाजात वाचतात, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या समजुतीप्रमाणे थांबू दिले तर गलका होईल. अर्थाविषयी दोघांचे मत निराळे पडू शकते. सहाव्या अक्षराविषयी पडत नाही. सर्वांनी श्वास एकाच जागी घ्यावा ही सोय यतीने केलेली आहे. नुकताच येऊन बसलेला, अर्थ न कळणारा लहान मुलगासुद्धा तिच्या आधाराने सर्वांच्या बरोबरीने वाचू शकतो. आणि विराम हवा तो यासाठी की, बरोबरीने वाचता वाचता त्या मुलाला कधीतरी अर्थही कळावा. यती सर्वांना एकत्र बसवते आणि विराम त्यांना काय ऐकतो आहोत ते सांगतो. यातील एकाला दुसऱ्यासाठी बळी देऊ नये.

हे सर्व ध्यानी घेऊन पारायणास बसणाऱ्यांनी काही साधे नियम पाळावेत.

पहिला : आज वाचायचा अध्याय आदल्या रात्री एकदा मनातल्या मनात वाचावा आणि वाक्य कोठे संपते ते पाहावे. पेन्सिलीने बारीक खूण केली तरी पोथीचा अपमान होत नाही.

दुसरा : चरणाच्या शेवटी श्वास घ्यावा, पण स्वर वर धरावा. वाक्य संपेल तेथेच स्वर उतरवावा.

तिसरा : दम अपुरा पडला म्हणून शब्दाच्या मध्ये थांबू नये. नाव आणि त्याचा प्रत्यय कधीही तोडू नये. दम पुरत नसेल तर वेग कमी करावा.

चौथा : ‘जैसे’ दिसले की पुढे ‘तैसे’ कोठे आहे ते डोळ्यांनी शोधून ठेवावे, आणि तेथे पोचेपर्यंत आवाज खाली टाकू नये.

पाचवा : व्यासपीठ चालकांनी वेग ठरवताना सर्वांत जलद वाचणाऱ्याकडे न पाहता सर्वांत वृद्ध वाचकाकडे पाहावे. अध्याय वेळेत संपवण्यासाठी पहाटे अर्धा तास आधी बसावे, हा त्यावर उपाय आहे. धावणे हा नव्हे.

सहावा : गावात ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांना ओव्या आणि अभंग तोंडपाठ आहेत, त्यांना व्यासपीठाजवळ बसवावे आणि त्यांच्या तोंडून चार ओव्या तरुणांनी रोज ऐकाव्यात. ते कोठे थांबतात आणि कसे थांबतात हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ध्वनिमुद्रणाची साधने आता घरोघरी आहेत. त्यांचा उपयोग यासाठी अवश्य करावा. पण नुसते साठवून ठेवू नये. ऐकून म्हणावे, आणि चुकले तर त्यांनाच विचारावे.

मंदिराचे जुने दगड काढताना गावाने काळजी घेतली. जो दगड चांगला होता तो पुन्हा वापरला, जो झिजला होता तेवढाच बदलला. वाचनाचेही तसेच करावे. छापील पोथी, ध्वनिक्षेपक, सुटे शब्द ही नवी सामग्री खुशाल घ्यावी. पण खांबाला टेकून बसलेल्या माउलीच्या कानात जी तोड बसलेली आहे, ती चांगल्या दगडासारखी जपावी. पुढच्या सप्ताहात या मंडपात ज्ञानेश्वरी उघडेल, तेव्हा कोणी तरुण वाचक चरणापाशी स्वर धरून क्षणभर थांबेल, ‘तैसे’ पर्यंत पोचेल आणि मग आवाज उतरवील. त्या क्षणी माउलीची मान पुन्हा हलू लागली, तर या व्याख्यानाचे काम झाले.

इति शुभम्।